लहान इंग्रजी शब्दांची भिंत : प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, आमच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हा उपक्रम आज सुरू केला. दोन ते पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द त्यांच्यातल्या समान अक्षरांनुसार एकत्र करायचे, प्रत्येकाचा अर्थ आणि तो इंग्रजीत कोठून आला हे पुठ्ठ्याच्या पाटीवर मराठीत लिहायचे आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्या पाट्या लावायच्या, एवढेच त्याचे स्वरूप आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे आमच्या मुलांना अक्षरांची भीती राहिलेली नाही. भीती आहे ती अनोळखी शब्दाची. आणि शब्द जितका लहान तितकी ती अधिक, कारण लांब शब्दात एखादा ओळखीचा तुकडा तरी सापडतो, दोन-तीन अक्षरांच्या शब्दात तोही सापडत नाही.

अक्षरांचे ठोकळे गावातल्या सुतारकाकांनी सागाच्या उरलेल्या पट्ट्यांतून कापून दिले. कोणते अक्षर किती वेळा हवे हे ठरवताना, अक्षरांचे ठोकळे जोडून शब्द मांडायचे आणि गुण मिळवायचे अशा स्क्रॅबल या खेळाचेच प्रमाण घेतले. अमेरिकेतले वास्तुविशारद आल्फ्रेड मोशर बट्स यांनी १९३०च्या दशकातल्या मंदीत हा खेळ रचला, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरे मोजून प्रत्येकाचे प्रमाण ठरवले होते. स्क्रॅबल हे नाव त्याला १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांच्यामुळे मिळाले. शंभर ठोकळ्यांत ई बारा वेळा, ए आणि आय प्रत्येकी नऊ वेळा, ओ आठ वेळा येतो, दोन ठोकळे कोरे असतात, आणि के, जे, एक्स, क्यू व झेड यांचा प्रत्येकी एकच ठोकळा असतो. क्यू आणि झेडला दहा गुण मिळतात, ई किंवा एला एकच. मुलांनी आपल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे एक पान घेऊन स्वतः मोजणी केली. ई सर्वांत पुढे निघाला आणि झेड त्या पानावर नव्हताच. एस मात्र इतका वापरात असूनही खेळात फक्त चार का, असे एकीने विचारले. अनेकवचन करायला एक एस पुरतो, त्यामुळे तो मुबलक ठेवला असता तर खेळ फार सोपा झाला असता, हे उत्तर तिला पटले.

१३ जुलै, शनिवार

दोन अक्षरी शब्दांपासून आरंभ केला. शब्द ग्राह्य आहे की नाही यासाठी कॉलिन्स या कोशाची स्क्रॅबलसाठीची शब्दयादी प्रमाण मानायचे ठरले, कारण भारतातल्या स्पर्धा तीच पाळतात. तिच्या २०१९च्या आवृत्तीत दोन अक्षरी शब्द १२७ आहेत. ते सगळे भिंतीवर लावण्यात मला रस नाही. पाठांतराने ते आठवड्यात तोंडपाठ होतील आणि पुढच्या आठवड्यात विसरले जातील. म्हणून महाग अक्षरांचेच घेतले. एक्सचे पाच निघाले : ॲक्स म्हणजे कुऱ्हाड, अमेरिकी लेखनात, ऑक्स म्हणजे बैल, एक्स म्हणजे पूर्वीचा जोडीदार, झाय हे ग्रीक वर्णमालेतले चौदावे अक्षर, आणि सू, एक्स-यू असे लिहिलेले, व्हिएतनामचे जुने नाणे, डाँगचा शंभरावा भाग. जेचा जो हा स्कॉटलंडमध्ये प्रिय व्यक्तीसाठी वापरतात.

झेडच्या शब्दांपैकी झा हे पिझ्झाचे लाडके रूप आहे, पण मुलांना झो अधिक आवडला. याक आणि गाय यांच्या संकरातून हिमालयात जो प्राणी तयार होतो त्याचे हे नाव तिबेटीतून आले असून, ते झेड-ओ, झेड-एच-ओ, डी-झेड-ओ आणि डी-एस-ओ अशा चारही प्रकारे लिहिलेले चालते. कानाने ऐकलेला परका शब्द कागदावर उतरवताना चार माणसांनी चार लेखने केली आणि कोशाने एकाचेही मन मोडले नाही. आमच्या हजेरीपटावर एकाच आडनावाची इंग्रजी लेखने किती आहेत हे पाहिल्यावर मला त्याचे नवल वाटत नाही.

व्हीचा दोन अक्षरी शब्द एकही नाही. इंग्रजी शब्द सहसा व्हीने संपत नाही. हॅव्ह, गिव्ह, लिव्ह यांच्या शेवटी उच्चार नसलेला ई येतो तो त्यामुळेच. यू आणि व्ही ही पूर्वी एकाच अक्षराची दोन रूपे मानली जात, त्या काळाची ही खूण आहे.

१८ जुलै, गुरुवार

काल आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आल्यामुळे सुटी होती. आज फळ्यावर एफ, ए, क्यू, आय, आर ही अक्षरे लिहून वाचायला सांगितले. पहिल्या बाकावरून 'फक्वीर' असा प्रयत्न झाला आणि लगेच मागून कोणीतरी म्हणाले, "सर, हे त फकीर होय!" क्यूच्या मागे यू आलाच पाहिजे असे या मुलांना पहिलीपासून सांगितले गेले आहे, आणि ते बहुतांशी खरेही आहे, तरी यूशिवाय क्यू वापरणारे जे शब्द कोशात आहेत ते काढून बघितल्यावर त्यांतले अर्धेअधिक या वर्गाला आधीच ठाऊक होते. तलाक, वक्फ, बुरखा, नकाब, काझी, कव्वाल, कव्वाली, किब्ला : सगळे क्यूने लिहिलेले, सगळे इंग्रजी कोशातले, आणि वऱ्हाडातल्या कोणत्याही बाजाराच्या गावात कानावर पडणारे. इंग्रजीचे सर्वांत महाग अक्षर आमच्या मुलांना सर्वांत स्वस्त पडावे, ही गोष्ट या उपक्रमाच्या मुळाशी ठेवण्यासारखी आहे.

यामागचे कारण समजावून सांगायला वेळ लागला, पण तो सत्कारणी लागला. जुन्या इंग्रजीत क्यू जवळजवळ नव्हताच. आज क्यू-यूने सुरू होणारा क्वीन हा शब्द तेव्हा सी-डब्ल्यूने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तेथे क्यू-यू रूढ केले. म्हणजे यूची सक्ती फ्रेंच-लॅटिन परंपरेची आहे. अरबी, फारसी आणि त्यांच्यामार्फत उर्दूतले शब्द इंग्रजीत आले तेव्हा मात्र एक निराळा प्रश्न उभा राहिला, कारण अरबीत क दोन आहेत : एक आपल्यासारखा, आणि दुसरा पडजिभेजवळून, घशातून निघणारा. एक मुलगी घरी अरबी वाचायला शिकते. तिने काफ आणि क़ाफ एकापाठोपाठ म्हणून दाखवले आणि वर्गाने दोन-तीनदा तिच्याकडून म्हणवून घेतले. या दुसऱ्या ध्वनीसाठी इंग्रजी लेखकांनी रिकामा पडलेला क्यू वापरला. गंमत अशी की क्यूचा उगमही फिनिशियन लिपीतल्या त्याच घशातल्या अक्षरात आहे. त्याचे हिब्रू नाव कोफ, क्यू-ओ-पी-एच असे लिहिलेले, हाही खेळातला एक ग्राह्य शब्द आहे.

उरलेल्यांपैकी क्यू-आय, म्हणजे ची, हा दोन अक्षरी शब्द खेळाडूंचा सर्वांत लाडका असतो; चिनी विचारानुसार देहात आणि सृष्टीत वाहणाऱ्या प्राणशक्तीचे ते नाव आहे. १९५८ मध्ये चीनने रोमन लेखनाची जी पद्धत स्वीकारली तिच्यात च-छच्या जवळच्या एका ध्वनीला क्यू दिला गेला, म्हणून हे लेखन असे. क्यू-ए-टी म्हणजे कात, पानात घालतो तो नव्हे, तर येमेन आणि इथिओपियात ज्या झुडपाची पाने लोक तासन् तास गालात धरून चघळतात ते. खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, आठवण मुलांनीच काढली. मला त्यावर भाष्य करावे लागले नाही. किंटार हे अल्बानियाचे जुने नाणे आहे. क्वर्टी हा शब्द कोणत्याच भाषेतून आलेला नाही, कारण टंकयंत्राच्या वरच्या ओळीतली पहिली सहा अक्षरे सलग वाचली की तो तयार होतो. ही मांडणी क्रिस्टोफर शोल्स यांच्या यंत्राबरोबर १८७०च्या दशकात बाजारात आली आणि मुलांच्या घरातल्या मोबाइलवरही ती तशीच आहे.

२४ जुलै, बुधवार

क्यूच्या यादीतला एक शब्द मुद्दाम मागे ठेवला होता : कनात, क्यू-ए-एन-ए-टी. आपल्याकडे कनात म्हणजे मांडवाची कापडी भिंत. तो शब्द वेगळा. इराणातली कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे भूजल हलक्या उताराच्या बोगद्याने गावापर्यंत आणणारी भुयारी वाहिनी. तिच्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी असतात आणि त्यांतून गाळ काढता येतो. पाणी स्वतःच्या उताराने वाहते, उपसावे लागत नाही, आणि जमिनीखाली असल्यामुळे उन्हाने उडून जात नाही.

आमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात मोडतो. बोअरला पाणी लागले तरी ते पिण्याजोगे असेल याची खात्री नसते. त्यामुळे गोड पाणी डोंगराच्या पोटातून आणण्याची कल्पना मुलांनी फार लक्ष देऊन ऐकली. डोंगर ओलांडला की तापीकाठी बऱ्हाणपूर आहे, आणि तेथे मुघल काळात, १६१५च्या सुमारास, बांधलेला कुंडी भंडारा ही अशीच व्यवस्था आहे. शंभरच्या आसपास कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरी, बोगद्याने एकमेकींना जोडलेल्या आहेत. दोघा मुलांनी लग्नकार्याला गेले असताना ती जागा पाहिली होती, पण तिला इंग्रजीत पाच अक्षरांचे नाव आहे हे त्यांना माहीत नव्हते. आजची पाटी त्या दोघांनीच लिहिली आणि खाली कुंडीचा उभा छेदही काढला. अर्थ चित्रात मांडता येतो त्या शब्दाला परिच्छेदभर स्पष्टीकरण लागत नाही, म्हणून यापुढे प्रत्येक पाटीवर चित्रासाठी जागा ठेवायची.

३ ऑगस्ट, शनिवार

आज केवळ स्वरांचे, किंवा स्वरच अधिक असलेले शब्द घेतले. ए-आय या शब्दाचा उच्चार आई असाच होतो, आणि त्याचा अर्थ दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा स्लॉथ, झाडाला उलटा लटकून दिवसभर झोपणारा प्राणी. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. हे नाव तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आले आणि त्या प्राण्याच्या ओरडण्यावरून पडले, असे कोश सांगतात.

मग नात्यांचीच माळ लागली, आणि ती मुलांनी कोशात शोधून स्वतः पुरी केली. काका हा न्यूझीलंडचा पोपट आहे, माओरी भाषेतले नाव. ताई ही जपानमधली समुद्री मासळी आहे. नाना इंग्लंडमध्ये आजीला म्हणतात, तर आजी, ए-जे-आय, ही दक्षिण अमेरिकेतली मिरची आहे, जरी तिचा उच्चार स्पॅनिश वळणाने आही असा होतो. बाबा हा मद्यात भिजवलेला केक आहे. दादा हे १९१६ मध्ये झुरिकमध्ये सुरू झालेल्या कलाचळवळीचे नाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या विध्वंसाला वैतागलेल्या कलावंतांनी मुद्दाम निरर्थक वाटेल असे काही उभे केले. ते सहावीच्या मुलांना किती उमगले याची शंका आहे, तरी पाटी लावली. अक्षरे तीच असली तरी या शब्दांचा एकमेकांशी आणि आपल्या नात्यांशी काहीही संबंध नाही, हे पाटीवर स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. दिसण्यावरून व्युत्पत्ती जुळवण्याची हौस मोठ्यांनाही असते, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तिचे पीक भरपूर येते.

ए-ए हा शब्दही आजच लागला. आ-आ म्हणजे खडबडीत, टोकदार ढेकळांसारखा थिजलेला लाव्हा. शब्द हवाई बेटांवरचा. आमच्या पायांखालचा दगड हाही लाव्हाच आहे. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर पसरले, त्यांनाच डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि यातला ट्रॅप सापळा नव्हे : तो स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे, कारण या डोंगरांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरताना दिसतात. लोणारची सहल झालेली असल्यामुळे काळा बेसाल्ट मुलांच्या डोळ्यांसमोर होता. त्याच दगडापासून झालेल्या काळ्या जमिनीला इंग्रजीत रेगुर असे पाच अक्षरांचे नाव आहे, तेही दक्षिणेतल्या भाषेतून घेतलेले.

१२ ऑगस्ट, सोमवार

ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नसलेले शब्द. वाय स्वराचे काम करतो असे जिम, फ्लाय, लिंक्स हे शब्द बाजूला ठेवले की फारसे उरत नाहीत. गणितातला एन्थ आहे. ब्रर, श्श, प्स्स्ट हे तर शब्द कमी आणि आवाज अधिक. खरे वेल्श भाषेतले दोन : सी-डब्ल्यू-एम, उच्चार कूम, म्हणजे हिमनदीने कोरलेली वाडग्याच्या आकाराची दरी, आणि क्रूथ हे तंतुवाद्य. वेल्शमध्ये डब्ल्यू हा स्वर आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या वेस्टर्न कूमला ते नाव जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ मध्ये दिले. याहून अधिक वेळ या गटाला देण्याजोगा वाटला नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारी पोळा आहे. बैलांच्या शिंगांना रंग लावायच्या गोष्टी वर्गात चालू असताना दुसरा विषय काढणे व्यर्थ होते, म्हणून ऑक्सची पाटी पुन्हा काढली. इंग्रजीत बुल म्हणजे वळू आणि ऑक्स म्हणजे खच्ची करून कामाला जुंपलेला बैल, हा भेद शेतकऱ्याच्या मुलांना एका वाक्यात कळला. शहरातल्या शब्दकोश वापरणाऱ्याला तो समजावून द्यावा लागतो. ऑक्सचे अनेकवचन ऑक्सन, ईएन लावून होते. ही जुनी पद्धत चिल्ड्रनमध्ये टिकून आहे. काऊचे जुने अनेकवचन काइन, के-आय-एन-ई; मूळ शब्दातले एकही अक्षर त्यात नाही. ठोकळे शेजारी मांडून मुलांनी ते तपासून पाहिले.

तिथून शेतातल्या शब्दांकडे वळलो. समान अक्षर म्हणून एच घेतला, कारण आपला महाप्राण लिहिण्यासाठी इंग्रजीला तोच वापरावा लागतो : घाट, घी, धोती, भांग, लाख. लाखचे दोन शब्द आहेत. एल-ए-के-एच ही संख्या. एल-ए-सी ही मुख्यतः पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर किड्यांपासून मिळणारी लाख, जिच्यावरून लॅकर हा शब्द झाला. ढोल, डी-एच-ओ-एल-ई, हे वाद्य नसून रानकुत्रा आहे, म्हणजे आमच्याकडचा कोळसुना; अंबाबरवाच्या जंगलात तो असल्याने ही पाटी कोणी लिहायची यावरून थोडी ओढाताण झाली. नीलगायही इंग्रजीत तशीच गेली आहे. आमच्या गावाला ती रोही म्हणून आणि पऱ्हाटी खाणारी म्हणून ठाऊक आहे.

एच नसलेले पण याच मातीतले आणखी निघाले : रयतेचा रायट, डाक, उडदाचा उर्द, मूग, बेर म्हणजे बोर, खाटेचा कॉट, लूट. बंड हा बांध आहे. फारसी-हिंदीतून इंग्रजांनी उचलला आणि थेट शांघायच्या नदीकाठाला तो चिकटवला. मुलांनी पाटीवर 'बांध' लिहून त्याखाली 'धुरा' असे लिहिले, कारण आपल्याकडे शेताच्या हद्दीला तेच म्हणतात. मी ते राहू दिले. तूर मात्र फसवी आहे. टी-यू-आर या अक्षरांनी इंग्रजीत काकेशस पर्वतातली रानशेळी ओळखली जाते. वऱ्हाडात वाढलेल्या कोणालाही ही पाटी वाचताना थांबावेच लागेल, म्हणून ती दाराजवळ लावली आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

गटांमध्ये पहिला पूर्ण खेळ झाला. नियम एक बदलला : शब्द मांडणाऱ्याने त्याचा अर्थ मराठीत सांगितला तरच गुण मिळतील, नाहीतर ठोकळे परत घ्यावे लागतील. स्पर्धांमध्ये असे बंधन नसते. थायलंडमध्ये हा खेळ शाळांतून मोठ्या प्रमाणात खेळला जातो, आणि इंग्रजी फारसे न बोलणारे तेथले खेळाडू याद्या पाठ करून जागतिक विजेते झाले आहेत. त्यांच्या कष्टांविषयी आदर आहे, परंतु आम्हाला विजेते तयार करायचे नाहीत. नियमाचा परिणाम लगेच दिसला. झाय कोणालाच आठवला नाही. झो, आई, कनात, ढोल आणि वक्फ मात्र सर्व गटांत आले. सू मांडणाऱ्या मुलीने व्हिएतनाम नकाशावर दाखवून गुण घेतले.

ओके ग्राह्य धरायचे का यावर वाद झाला, कारण तो शब्दच नाही असे काहींचे म्हणणे होते. कॉलिन्सने तो २०१९ मध्ये दोन अक्षरी यादीत घेतला आहे. १८३९ मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या अक्षरांनी लिहून त्याची आद्याक्षरे थट्टेने छापली, तेथून तो पसरला. धरायचे ठरले.

पुढचा गट उच्चार नसलेल्या अक्षरांचा घ्यायचा आहे : के-एनने सुरू होणारे नी, निट, नॉट, आणि एम-बीने संपणारे लॅम, लिम, कोम, थम. नीमधला के एके काळी स्पष्ट उच्चारला जाई, एवढे पाटीवर लिहिता येईल. थमच्या शेवटचा बी मात्र जुन्या इंग्रजीत नव्हता, तो नंतर लिहिण्यात शिरला. पुठ्ठा संपला आहे. कृषी केंद्रातून बियाण्यांची रिकामी खोकी मिळतील असे एका पालकांनी सांगितले आहे, ती सोमवारी आणायची आहेत.